कपाचा कान

टेबलावर सहा कप होते. दोन कपांना भट्टीतच तडे गेले होते, एकाचा तळ वाकडा झाला होता, एकाचा कान निखळून पडला होता. धड असे दोनच उरले. कुंभारणीने त्यातला एक उचलला, खिडकीच्या उजेडात नेला आणि सुताराने मापासाठी दिलेला लाकडी ठोकळा कपाच्या कानातून आत सरकवला. ठोकळा नेमका बसला.

तेव्हा कुठे ती स्टुलावर टेकली. स्टूल सुताराने केलेलं, तिच्या चाकाच्या उंचीचं. पुढे किंचित उतरतं, म्हणजे वाकताना कमरेवर भार येत नाही. त्याने ते कधीच आणून दिलं होतं. बदल्यात त्याला बायकोसाठी कप हवा होता. संधिवाताने तिची बोटं ताठ झाली होती, मिटत नव्हती. चहा तोच पाजायचा. चारही बोटं गच्च बसतील असा कान असला तर कप हातात फिरणार नाही, असा त्याचा अंदाज. ठोकळा त्या चार बोटांच्या मापाचा होता.

दुपारी सुतार आणि त्याची बायको, दोघं आली. काकू धापा टाकत खुर्चीत बसल्या. कुंभारणीच्या अंगावरचा एप्रन त्यांनीच शिवलेला, हात चालत होते तेव्हा, चार वाडग्यांच्या बदल्यात. त्याचा खिसा एका बाजूने उसवला होता. काकूंची नजर आधी तिथे गेली, मग कपाकडे.

"केवढा हा कान! हत्तीचा का गं?"

"तुमच्याच मापाचा आहे, काकू. घालून तर बघा."

काकूंनी बोटं आत घातली. कप उचलला आणि तो लगेच गर्रकन कलंडला. कुंभारणीने तो हवेतच झेलला.

"सैल आहे," काकू म्हणाल्या.

"असं कसं होईल?" तिने ठोकळा पुन्हा कानात घालून दाखवला. "हे बघा. अगदी बरोबर."

सुतार पुढे झाला. त्याने ठोकळा बाहेर काढला, उलटासुलटा केला.

"तू वाढवून केला होतास का?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय! माती वाळताना आणि भाजताना आठवा भाग आकसते, काका. तेवढा वाढवूनच केला."

"मीपण वाढवला होता."

"काय?"

"आठवा भाग. तूच मागे बोलता बोलता म्हणाली होतीस. मला वाटलं, कामाच्या धबडग्यात तू विसरलीस तर? म्हणून ठोकळाच तेवढा मोठा कापला."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, म्हातारा मला शिकवतोय."

"दोन शहाणे," काकू म्हणाल्या. "एकाने माप वाढवलं, दुसरीने वाढवलेलं वाढवलं. बोटं माझी आहेत तेवढीच."

कुणी हसलं नाही. कुंभारणीने कोपऱ्यातल्या मातीच्या पिंपाकडे पाहिलं. तळ दिसत होता. पुन्हा माती आणायची, मळायची, घडवायचं, वाळवायचं, भट्टी भरेल एवढं काम साठेपर्यंत थांबायचं. नुसत्या विचारानेच तिचे खांदे गळाले.

"मी दुसरे करीन," ती म्हणाली. "तोवर स्टूल घेऊन जा, काका. मला ते फुकट नको."

"नेऊन काय करू? तुझ्या कमरेच्या मापाचं आहे ते. आमच्याकडे त्यावर कोण बसणार, मांजर?"

"तुमचं स्टुलाचं काय ते सावकाश ठरवा," काकू म्हणाल्या. "मला चहा हवाय. इतकी पायपीट केली ती कशासाठी?"

कुंभारणीने चहा टाकला. तो जरा निवू दिला, कप भरला आणि सवयीने सुतारापुढे धरला. त्यानेही सवयीने खिशातून रुमाल काढला.

"इकडे दे," काकू म्हणाल्या. "हे पाजतात म्हणजे काय, फुंकून फुंकून पाणी करतात आणि वर विचारतात, संपवत का नाहीस?"

"अगं, सांडेल. अंगावर पडेल."

"अंग माझं आहे."

त्यांनी या वेळी बोटांशी खटपट केली नाही. अंगठा तेवढा बाहेर ठेवला आणि डावा हात कानातून तसाच आत रेटला. पेरांची सुजलेली हाडं कानाच्या कडेला अडली. त्यांनी ओठ आवळले आणि आणखी रेटलं. पंजा आरपार गेला. कपाचा कान हाताच्या पाठीवर बसला, कपाचं पोट तळव्याला टेकलं. बोटांनी पकडायची गरजच उरली नव्हती.

काकूंनी कोपर टेबलावर टेकवलं. कप सावकाश वर गेला, ओठाला लागला, थांबला. सुताराने रुमाल त्यांच्या हनुवटीखाली धरून ठेवला होता.

काकू घोट घोट चहा पिऊ लागल्या. मधे दोनदा त्यांनी कप टेकवला, दम घेतला आणि पुन्हा उचलला.

मग त्यांनी कप खाली ठेवला. हात बाहेर काढायला दोघांना मिळून मदत करावी लागली.

तळाशी अर्धं बोट चहा उरला होता. टेबलावर तीन थेंब पडले होते. रुमाल कोरडा होता.