वाकडं जुळलेलं हाड

टेबलावर पडलेल्या मेलेल्या बिबट्याच्या तोंडावर हिरामण थुंकला. याच बिबट्यानं त्याच्या लेकीला, सगुणाला, अंगणातून उचलून मारलं होतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पायाची कातडी सोलली. कोपराखालची दोन्ही हाडं मोडून वाकडी जुळली होती.

"असल्या पायानं हरीण पाडता येत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून उपाशी जनावर गावात शिरलं."

"पाय मोडला कशानं?" हिरामणच्या बायकोनं विचारलं.

"लोखंडी चापानं. कुणीतरी रानडुकरासाठी लावला असणार."

हिरामणनं बायकोचा दंड धरला. "चल घरी."

तिनं हात हिसकावून घेतला. "कुणीतरी नाही बाई, ह्यांनीच लावला. दिवाळीत तो रक्तानं भरलेला चाप मी घासला, अन् सगुणानं वरून पाणी ओतलं."