पाऊण तासाचं अंतर

दोन विमानतळांमधलं अंतर तीनशे दहा किलोमीटर, विमानाला पाऊण तास. तिकडच्या नियंत्रण मनोऱ्यातला माणूस थेट फोनवर सांगायचा, "निघालं रे." इकडचा ते उतरवून घ्यायचा आणि कळवायचा, "पोचलं रे." एकोणीस वर्षं हेच चाललं होतं. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण पलीकडच्याला सर्दी झालीय हे पहिल्या शब्दात कळायचं.

इकडचा म्हणायचा, "एकदा ये की चहाला. पाऊण तासाचा तर प्रश्न आहे."

"येतो रे. सुट्टी जुळू दे, येतोच."

सुट्टी काही जुळली नाही.

कालची रजा संपवून इकडचा आज खुर्चीत बसला, तर फोनवर बाईचा आवाज. "निघालंय, सर. आमचे साहेबही त्यातच आहेत. त्यांचं गाव तुमच्या बाजूचं ना."

"अरे वा! निघाला एकदाचा! खिडकीतून हात हलव म्हणावं त्याला."

ती हळूच म्हणाली, "सर, ते खिडकीशी नाहीत. खाली, सामानाच्या कप्प्यात आहेत. काल पहाटे गेले."

पाऊण तासानं त्यानं विमान अलगद उतरवून घेतलं. मग शेजारच्याच्या हाती काम सोपवून, एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच, तो एका विमानासाठी मनोऱ्याचा जिना उतरला. पेटी खाली आली तशी त्यानं तिच्यावर हात ठेवला आणि रोजच्याच आवाजात म्हणाला,

"पोचलास रे."