घणवीराचा डावा हात

"आजोबा, डावा हात वर करा. सलामी दिल्याशिवाय आत सोडत नाही!"

दारातली कॉलेजची पोरगी हसत म्हणाली. कोंडीरामने डावा हात खिशात आणखी खोल सारला. मागच्या रांगेतल्या पोरांनी त्याला सलामी करून दाखवली. पंजा वर, अंगठ्याशेजारचं बोट दुमडलेलं, त्यावर अंगठा दाबलेला. रांगेत सगळ्यात पुढे पाच-सहा वर्षांची एक मुलगी होती. तिचं बोट काही केल्या दुमडलेलं राहत नव्हतं, पुन्हा पुन्हा ताठ उभं राहायचं. ती रडकुंडीला आली होती. चित्रकथेतल्या घणवीराच्या डाव्या हाताला ते बोट नव्हतं, म्हणून ही सलामी.

कोंडीरामच्या हातालाही ते बोट नव्हतं.

निगडीतल्या त्या हॉलवर फलक लागला होता, 'घणवीर : एकशे चाळीस अंकांची चित्रं'. चाकणजवळच्या आपल्या गावाहून दोन बस बदलून तो आला होता, पण चित्रं बघायला नव्हे. चित्रकाराला तोंडावर एक गोष्ट सुनवायला.

चित्रकार मीरासाहेब, कासारवाडीचा. तरुणपणी दोघं एकाच कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या शेजारशेजारच्या प्रेस मशीनवर होते. जेवणाच्या सुट्टीत मीरासाहेब हाताला लागेल त्या कागदावर चित्रं काढायचा आणि कोंडीराम त्याच्या वाटची भाकरी झाकून ठेवायचा. एका सेकंड शिफ्टला मीरासाहेबाचा हात मशीनमध्ये असतानाच प्रेस खाली आली. कोंडीरामने झडप घालून तो हात बाहेर ओढला. मीरासाहेबाची पाचही बोटं शाबूत राहिली. कोंडीरामचं एक गेलं.

पुढे मीरासाहेबाने नोकरी सोडली आणि घणवीराचं पहिलं पुस्तक बाजारात आलं. कुणीतरी त्याचं मुखपृष्ठ कोंडीरामच्या मशीनवर चिकटवलं. "ओ घणवीर, चला जेवायला!" "घणवीर, दहापर्यंत मोजा की बोटांवर!" सगळं खातं खदाखदा हसलं. ज्याचा हात वाचवला, त्यानंच आपल्या थोट्या हाताचं सोंग केलं, हे कोंडीरामच्या मनात रुतून बसलं. त्या दिवसापासून तो मीरासाहेबाशी बोलला नाही. त्या दिवसापासून हात खिशात गेला. लेकीच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तो खिशातच आहे.

"सलामी बिलामी ऱ्हाऊ दे," तो पोरीला म्हणाला. "मीरासाहेबाला बोलव. म्हणावं, कोंडीराम आलाय."

मीरासाहेब आला. दाढी पांढरीशुभ्र, बोटांना शाई. कोंडीरामला बघून जागीच थबकला.

"कोंडीभाऊ! आलास?"

"भेटाया न्हाई आलो. माझा हात भिंतीवरनं उतरव."

मीरासाहेबाने वळून पाहिलं. भिंतभर मुखपृष्ठं होती आणि प्रत्येकावर तोच चार बोटांचा हात होता. कुठे कोसळता पूल तोलणारा, कुठे बुडणाऱ्याला वर ओढणारा.

"कुठला कुठला उतरवू, राव? पहिल्याच अंकाला छापखानेवाला म्हणाला होता, पाचही बोटं दाखव, लोकांना चूक वाटेल. मी म्हटलं, मग छापूच नका."

"आन् मला इचारायचं तरी व्हतंस! सारं खातं हसलं रं! ह्याला हसलं!" रागाच्या भरात कोंडीरामने हात खिशातून उपसला आणि मीरासाहेबाच्या नाकासमोर धरला.

रांगेतली पोरं माना उंचावून बघायला लागली.

मीरासाहेबाने मान खाली घातली. "खात्यात असं झालं हे मला उशिरा कळलं. कितीदा तुझ्या गावच्या वेशीपर्यंत आलो आणि मागं फिरलो. ही दहा बोटं घेऊन तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटायची, कोंडीभाऊ. तोंडानं सांगता आलं नाही, म्हणून काढत राहिलो."

सगळे आपल्या पंजाकडे बघताहेत हे कोंडीरामच्या ध्यानात आलं. आता कुणी हसेल, नाहीतर कुणी चुकचुकेल. आजवर तिसरं काही घडलं नव्हतं. तो हात खिशाकडे न्यायला लागला.

मध्येच कुणीतरी त्याचं मनगट धरलं. रांगेतली ती पुढची मुलगी. तिने बोटाची रिकामी जागा नीट निरखली, हळूच चाचपून पाहिली. मग आईकडे वळली आणि गाल फुगवून तक्रार केली,

"मम्मी, यांना तर दुमडावं पण लागत नाही! मला पण असाच हात पाहिजे!"