उतरण्याआधी

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात इंजिनीअरसाहेब लेबनानच्या बर्फात सुट्टी घालवून कुवेतला परतले आणि आपला रत्नागिरीकडचा खानसामा अशरफ याला चहा पिता पिता तिथली गंमत सांगू लागले.

"उतारावर पाय ठेवण्याआधी आम्ही बर्फात खड्डा खणून बघितला. खालचा थर पार भुसभुशीत. वरचा सगळा बर्फ कोसळून अंगावर आला असता. मुकाट मागे फिरलो."

अशरफच्या डोक्याचा भुगा झाला. त्याला ठाऊक होता तो गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्यांचा बर्फ. तो माणसाला गाडतो कसा? पण त्याला दुसरंच कोडं जास्त छळत होतं. त्याचा धाकटा भाऊ बदरुद्दीन फहाहीलला साहेबांच्याच पाइपलाइनसाठी दोन पुरुष खोल चर खणत होता.

"साहेब, चरातली वाळू कालपासून ढासळतेय. मुकादम म्हणतो, उतरा, नाहीतर गावाला चालते व्हा. तिथं आधी कुणी बघत नाही का?"

साहेब रागावले नाहीत. उलट तेच गोंधळले.

"अरे, पण बर्फात मी स्वतः उतरणार होतो."