तीस मीटरचं वेटोळं

इक्राने केबिनमधल्या बाकाखाली हात घातला आणि वायरलेसचं दुखणं तिला सापडलं. सेटवरून अँटेनाला जाणारी काळी केबल तिथे गोल गुंडाळून ठेवलेली होती. चांगली पंचवीसेक वेटोळी, एकावर एक नीट बसवलेली, तीन ठिकाणी नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेली. गाठी अब्बांच्या होत्या. इतक्या देखण्या गाठी मोऱ्याच्या जेटीवर दुसरं कुणी मारत नाही.

त्यांची होडी 'नूर' जेटीपासून दोन तासांवर, इंजिन बंद करून डुलत उभी होती. तिकडे मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात इक्राची आई हलिमा सकाळपासून सेटसमोर ठाण मांडून बसली होती. गेल्या मोसमात नवऱ्याचा आवाज असाच खरखरीत बुडाला, तेव्हा दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. यंदा तिने साफ सांगून टाकलं होतं, दोन तासांवरून आवाज नीट आला तर उद्या मासेमारीला जा, नाहीतर होडी विका. इक्राच्या अब्बांनी, म्हणजे जेटीवरच्या सगळ्यांच्या इसाकचाचांनी, तिच्या आजवरच्या धमक्या हसण्यावारी नेल्या होत्या. ही नेली नाही, कारण ती बोलता बोलता रडली होती.

तीनदा हाका मारून झाल्या. तीनदा तिचं एकच उत्तर आलं, की नुसती खरखर आहे, परत या.

अँटेनापर्यंत केबल किती लागते, इक्राने विचारलं. सहा मीटर, इसाकचाचा म्हणाले. मग तीस मीटर कशाला आणली? तर दुकानदाराने दोन दाखवल्या होत्या, एक बोटाएवढी जाड पण बेताच्या लांबीची, दुसरी बारीक पण लांबलचक. चाचांनी लांब उचलली. दोर घेताना शहाणा माणूस लांबी बघतो आणि उरलेला गुंडाळून ठेवतो, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं.

इक्रा तळोज्याच्या कारखान्यात दिवसभर असल्याच केबली तपासते. तिने समजावून सांगितलं की उरलेला दोर बिचारा पडून राहतो, केबल तशी पडून राहत नाही. आवाज आधी त्या सगळ्या वेटोळ्यांतून फिरतो, मग वर जातो, आणि दर मीटरला थोडा थोडा जिरतो. केबल बारीक असली तर जास्तच. सेटमधून पंचवीस वॅट निघतात, अँटेनाच्या हाती जेमतेम सहा लागतात. एवढं सांगून तिने पिशवीतून पक्कड काढली.

"नवा दोर कापाचा नाय," इसाकचाचा म्हणाले.

"अब्बा, हा दोर नाय."

"होडीवर हाय ना? मंग दोरच."

त्यांच्या बापाने नवा दोर कधी कापला नव्हता, आजोबांनी नव्हता. गुंतला तर दिवसभर सोडवत बसायचं, पण त्याला सुरी लावायची नाही. दर्यावर कुठला तुकडा कधी तोकडा पडेल याचा नेम नसतो. इक्राला हे सगळं तोंडपाठ होतं. लहानपणी तिच्या रिबिनीसुद्धा ते कापू देत नसत, आणि ती गुडघ्यापर्यंत रिबिनी लोंबवत शाळेत जायची. तिने वाद घातला नाही. पक्कड त्यांच्या हातात दिली.

"अम्मी तिकडं अजून बसलीय. दोर सांभाळायचा का तिला, तुमीच ठरवा."

इसाकचाचांनी पक्कड दोनदा उघडली, दोनदा मिटली. मग हळूच बिस्मिल्ला म्हणून, मान दुसरीकडे वळवून त्यांनी केबल कापली. इक्राला हसू आलं आणि बापाबद्दल मायाही तितकीच वाटली.

जोडून होईपर्यंत माइकच्या बटणाला हात लावायचा नाही, सेट जळेल, असं बजावून ती टोक सोलायला बसली. वरची काळी साल निघाली, आतून तांब्याच्या तारांची विणलेली जाळी दिसली, तिच्या आत पांढरं आवरण, आणि मधोमध मुख्य तार. इसाकचाचा वाकून बघू लागले. जाळी म्हटल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी ती नखाने फाकवून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. हिची आस फार मोठी आहे, म्हणजे विणीतली भोकं, यातून मासा केव्हाच निसटला असता, असा त्यांनी निकाल दिला. इक्रा चकित झाली. कारखान्यात नव्या मुलांना हेच शिकवायला तिला आठवडा लागतो, की दाट विणीची केबल घ्यावी, विरळ विणीतून सिग्नल बाहेर सांडतो. पुढची जाड केबल आपण दोघं मिळून निवडू, असं त्यांचं तिथल्या तिथे ठरलं.

तिने नवा कनेक्टर बसवला, सेटला जोडला आणि मान हलवली. इसाकचाचांनी माइक तोंडाशी धरला. सोसायटी, सोसायटी, नूर बोलतेय, एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी बटण सोडलं.

"येतोय आवाज," हलिमा म्हणाली. "बाजूला बसून बोलल्यासारका येतोय."

इसाकचाचांचे डोळे भरून आले. तिला काहीतरी गोड बोलावं म्हणून त्यांनी बटण दाबलं, घसा खाकरला, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. थांबता थांबेना. बटणावरचं बोट मात्र खोकला थांबेपर्यंत तसंच राहिलं होतं.

"हा खोकला कवापासून हाय?" हलिमाने विचारलं. शब्द न् शब्द स्वच्छ. "घरात दाबून ठेवता काय? उद्या आदी डॉक्टर. मंग दर्या."

इसाकचाचांनी माइक छातीशी दाबून धरला आणि हळू आवाजात लेकीला विचारलं, "इक्रा, बोलनं पोचंल पन खोकला पोचनार नाय, अशी केबल किती मीटर ठेवाची?"