वसतिगृहातलं माकड

कीटकशास्त्र विभागाचे प्रमुख बुधवारी सकाळी आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या वारले. दुपारी कुलसचिवांच्या दालनात ठरलं, की ते वारलेले नाहीत.

"उद्या तपासणी समिती येतेय," कुलसचिव विभागाच्या हेडक्लार्क बाईंना म्हणाले. "प्रमुख नाही तर विभाग नाही. विभाग नाही तर तुम्हीही नाही. एक दिवस थांबायला त्यांना काय हरकत आहे?"

"कुणाला?"

"सरांना."

बाईंनी विचार केला. सर हरकत घेतील अशी चिन्हं खरंच नव्हती.

हरकत घेतली ती सरांच्या पत्नीने. "उद्या संध्याकाळपर्यंत गप्प बसते," वहिनी फोनवर म्हणाल्या. "तेही यांनी त्या किड्यांपायी जन्म काढला म्हणून. पण मला माझ्या माणसासाठी मोकळेपणी रडायचंय हो. दार लावून, तोंडात उशी कोंबून नाही."

"समितीची गाडी फाटकाबाहेर पडली की त्या क्षणी जाहीर करते," बाईंनी शब्द दिला.

सरांच्या जागी त्यांचा धाकटा भाऊ बसवला. चेहरेपट्टी तीच, टक्कलही त्याच वळणाचं. फरक एवढाच, की त्याचं टायरचं दुकान होतं.

"घसा बसलाय म्हणायचं," बाईंनी बजावलं. "कुणी किडा दाखवला तर मान डोलवायची."

"आणि दादाच्याच खुर्चीत बसायचं?"

"दुसरी मोडकी आहे."

तो बसला. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, आणि चटका बसल्यासारखे उचलून मांडीत घेतले.

समितीचे अध्यक्ष म्हणजे कर्दनकाळ. ते जिथे पाऊल टाकतील तिथल्या विभागाला कुलूप लागतं, अशी ख्याती. पण गाडीतून उतरले ते काळा चष्मा लावलेले, हळू बोलणारे गृहस्थ.

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

बरोबर एक बडबडे सदस्य होते. अध्यक्षांना ते आज सकाळीच पहिल्यांदा भेटले होते, पण त्यांचं चरित्र तोंडपाठ करून आले होते. "अहो बाई, तुमचे प्रमुख आणि आमचे अध्यक्ष वसतिगृहात एकाच खोलीत राहायचे! त्यानंतर थेट आज भेट! आहे की नाही गंमत?"

अध्यक्ष जिन्यातच थबकले.

"दम लागतो," ते म्हणाले.

प्रमुखांच्या खोलीचं दार उघडलं. दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

"अरे!" भाऊ म्हणाला.

"अरे!" अध्यक्ष म्हणाले.

कडकडून मिठी झाली. सदस्यांचे डोळे पाणावले. "एखादी आठवण तरी सांगा आम्हाला!"

बरण्यांतले भुंगेसुद्धा कान देऊन बसल्यासारखे वाटले. भावाने छताकडे पाहिलं.

"ते... माकड!"

अध्यक्षांनी चष्मा नीट केला. "माकड!"

"खोलीत शिरलं होतं."

"माझी चप्पल नेली."

"तू मागे धावलास."

"एका पायात चप्पल!" अध्यक्ष हसले. भाऊ हसला. सदस्य तर टेबल बडवून हसले.

बाईंनी चहाच्या निमित्ताने भावाला बाहेर ओढलं. "माकडाचं खरं आहे?"

"कुठलं हो! आमच्या दुकानातल्या कॅलेंडरवर आहे एक. तेच आठवलं."

नसलेल्या माकडाने चप्पल नेली कशी? एकच अर्थ. या माणसाला सगळं कळलंय, आणि मांजर उंदराला खेळवतं तसा हा आपल्याला खेळवतोय.

मग बाईंना जिकडे तिकडे तेच दिसू लागलं. अध्यक्षांनी किड्यांबद्दल एक प्रश्न विचारला नाही. भावाने झुरळाला फुलपाखराची अळी म्हटलं, तेव्हा ते "बरोबर" म्हणाले. मात्र प्रत्येक खुर्ची उलटी करून पाहिली. कपाटांवर टकटक केलं, बिजागरीला बोट लावून वास घेतला. ती मोडकी खुर्चीही त्यांनी कोपऱ्यातून शोधून काढली.

"ही अशी का ठेवलीय?" त्यांनी विचारलं.

"दुरुस्तीला टाकायचीय," बाई पुटपुटल्या.

"टाका. माणूस पडून मरायचा एखादा."

बाईंनी खुर्ची ओढत दाराबाहेर नेली.

संध्याकाळी अध्यक्षांनी निकाल दिला. "विभाग चालू राहावा. कपाटं चांगली आहेत." इतकंच. सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंचा संशय मात्र दुप्पट झाला. कर्दनकाळ इतका स्वस्तात सोडतो होय?

पोर्चमध्ये गाडी लागली. बाईंच्या हातातला फोन वाजला.

"गेली का हो?" वहिनींचा आवाज फाटायच्या बेतात होता.

"निघतेय. एक मिनिट."

सदस्य गाडीत बसले. अध्यक्ष बसेनात. ते मागे वळले, बाईंना खांबाआड घेऊन गेले आणि चष्मा काढला. ऑपरेशन वगैरे काही नव्हतं. डोळे नुसते लाल होते.

"बाई, आता लपवण्यात अर्थ नाही," ते म्हणाले.

बाईंनी हात जोडले. "सर, मी सांगते. विभाग वाचावा म्हणून..."

"तुम्ही काय सांगणार? तुमच्या प्रमुखांनी मला बघताक्षणी ओळखलं." ते कुजबुजले. "मी त्यांचा मित्र नाही, हे त्यांना कळणार नाही होय? मी अध्यक्षांच्या कार्यालयातला भांडारपाल. खुर्च्या-कपाटं सांभाळतो. आमचे साहेब परवा वारले. समिती रद्द होऊ नये म्हणून वरून ठरलं, की चार दिवस थांबायला त्यांना काय हरकत आहे. पण तुमचे सर देवमाणूस! चारचौघांत माझी अब्रू राखली. माझ्यासाठी नसलेलं माकड उभं केलं." त्यांनी नाक पुसलं, सदऱ्याची कॉलर नीट केली आणि आवाज कार्यालयीन केला. "शनिवारी आमच्याकडे शोकसभा आहे. घरचे म्हणतात, साहेबांबद्दल एका तरी खऱ्या मित्राने बोलावं. तरी आपल्या प्रमुखांना त्या दिवशी जातीने हजर राहण्याची परवानगी देण्यात यावी, ही नम्र विनंती."