बाळापूर सोडून

बहात्तरचा दुष्काळ सरला, तसा वसमतमधल्या जळबाच्या प्लॉटला भाव आला. अडचण एवढीच, की प्लॉट त्याच्या अन् सोडलेल्या बायकोच्या, चांगुणाच्या, नावावर होता. सासऱ्याच्या पैशानं घेतला, की असं होतं.

"बाईचा पत्ताच लागत न्हाई साहेब," असं त्यानं तोंड पाडून कचेरीत सांगितलं. साहेब म्हणाले, आधी गावोगाव दवंडी द्या.

बाजारात एक हलगीवाला तुरीच्या काड्या पेटवून हलगी तापवत बसला होता. जळबानं त्याला बिडी दिली, सगळं समजावलं.

"नरसीला वाजव, पार हिंगोलीपर्यंत वाजव. फकस्त आखाडा बाळापूर सोड."

"काहून? बाळापूरनं काय घोडं मारलं तुमचं?"

"तिथं न्हाई ती. तुला उगाच तकलीफ काहून?"

जळबाचं मन तसं फार मोठं. चांगुणानं बाळापुरातच दुसरा घरोबा केल्याचं त्यानं ऐकलं होतं. कोणाशी, हे विचारायची त्याला कधी गरज वाटली नव्हती.

हलगीवाल्यानं बिडीचा शेवटचा झुरका मारला.


"बराबर हाय. बाळापुरात वाजवायचं कामच न्हाई. चांगुणा भाकरी वाढायला बसली, की मीच सांगतो तिला."